बत्तीस तासांचा मंगळवार

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला काहीही सांगा, तो करून देईल. पण तारीख आणि वेळ म्हटली की भल्याभल्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. इथे सकाळ तर तिकडे आदली रात्र, कुठे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात, कुठे फरक म्हणे अर्ध्याच तासाचा. असलं त्रांगडं निघालं की मंडळी हात वर करायची आणि म्हणायची, तारीखबाईंना द्या. ती सोडवून द्यायची, वर चार शब्द सुनवायची ते वेगळेच.

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. वेळ साठवायची ती जगाच्या एकाच घड्याळाप्रमाणे, आणि दाखवायची ती माणसाच्या फोनप्रमाणे. नवीन माणूस आला की आधी त्याला हा कागद वाचायला लागायचा. नियम चांगलाच होता, दहांपैकी नऊ वेळा त्याने लोकांना तारलं होतं. दहाव्या वेळेचं काय, हे विचारायचं काम ऑफिसात एकाच माणसाचं होतं आणि त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. प्रोग्राम तपासून त्यातले दोष काढणं हेच त्याचं पोट. झोपेतही तो दाराला कडी लावली का म्हणून विचारत असेल.

त्यांची कंपनी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप चालवायची. वेळ झाली की फोन वाजतो, माणूस गोळी घेतो, ‘घेतली’ वर बोट ठेवतो, हिरवी खूण येते, संपलं. नाही घेतली तर दर पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजतो, दुपारी बारापर्यंत. नेट नसलं तरी सगळं चालतं, याचा त्यांना फार अभिमान. पन्नास हजार माणसं वापरत होती. त्यातलं एक माणूस तिचे बाबा.

बाबांचं चाळीस वर्षं कपडे शिवायचं दुकान होतं. दोनदा माप, एकदा कात्री, हे त्यांचं सगळ्या जगाला सांगणं. आई शेवटची तीन वर्षं सगळं विसरत गेली. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता, मग यांचा चेहरा. बाबांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. म्हणून आई गेल्यानंतर एकदा दुकानात इस्त्री तशीच चालू राहिली आणि कोणाचा तरी नवा कोट जळाला, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला भरपाई दिली, शटर खाली ओढलं आणि परत वर केलंच नाही. मरणाची त्यांना भीती नव्हती. आपणही विसरायला लागलो की काय, ही होती.

त्यातच हृदयाच्या ठोक्यांचं दुखणं निघालं आणि रोज सकाळी एक गोळी लागली. एवढीशी गोळी, नखावर मावेल. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांच्या किडन्या अर्ध्याच काम करतात, औषध लवकर अंगाबाहेर जात नाही. एखादी गोळी चुकली तर मला सांगायलाही येऊ नका. पण चुकून लागोपाठ दोन घेतल्या गेल्या, तर आधी हॉस्पिटल गाठायचं आणि मग मला फोन करायचा.

बाबांनी आपली एक पद्धत बसवली होती. गोळी घेतली की गोळ्यांच्या खोक्यावर खडूने एक रेघ. तोच तो शिलाईचा चपटा निळा खडू. खोकं शर्टाच्या आतल्या चोरखिशात, खडूही तिथेच. पण खडू तो खडू, खिशात घासून पुसला जाणारच. एकदा दोन रेघा पुसल्या गेल्या आणि बाबा तासभर हातात गोळी धरून बसून राहिले, घेतली की नाही घेतली. संध्याकाळी ती आली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. तिने त्यांच्या फोनमध्ये ॲप घातलं, त्यात स्वतःच्या आवाजात निरोप भरला आणि बजावलं, आता खडू बंद. दोन दोन हिशेब ठेवले की गोंधळ होतो. फोन सांगेल ते खरं.

पोरीने केलंय म्हटल्यावर बाबांनी खडू बंद केला. शेजारपाजारी फोन दाखवत हिंडले, माझी धाकटी मला रोज सकाळी सहाला हाक मारते.

तर त्या मंगळवारी बाबा दादाकडे निघाले होते. दादा तिचा थोरला भाऊ, एकटाच राहतो, पश्चिमेला, नऊ तासांच्या विमानावर. तिथली घड्याळं इथल्यापेक्षा आठ तास मागे. पहाटे ती बाबांना विमानतळावर सोडायला गेली. दारातच सहा वाजले आणि बाबांच्या खिशातून तिचाच आवाज आला, बाबा, गोळीची वेळ झाली. दोघंही हसले. बाबांनी चोरखिशातून गोळी काढली, बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली, ‘घेतली’ वर बोट ठेवलं. सहा वाजून दोन मिनिटं. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग बाबांनी वही काढून दादाने फोनवर लिहून घ्यायला लावलेल्या सूचना तिला वाचून दाखवल्या. कागद हातात ठेवणे. उतरल्यावर फुकट वायफाय लावणे. फोनची वेळ इकडची करणे. शाळेतल्या पोरासारखे एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. ती म्हणाली, बाबा, सगळं येतं तुम्हाला, जा आता. विमान नऊला सुटलं.

दुपारी अडीचला शंकासुर चहा घेऊन तिच्या टेबलाशी आला. बाबा पोचले का, त्याने विचारलं. ती म्हणाली, सहाला उतरतील, तिकडचे सकाळचे दहा. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसून म्हणाला, ‘‘मजा आहे बाबांची. आपला मंगळवार चोवीस तासांचा, त्यांचा बत्तीसचा.’’

तीही हसली. म्हणाली, हो ना, एका दिवसात दोनदा सकाळचे सहा वाजणार त्यांचे. हे बोलली आणि कप तिच्या हातात तसाच राहिला.

दोनदा सकाळचे सहा.

शंकासुराचंही हसू मावळलं.  खरं तर तिला बोल लावायचा त्याला पुरेपूर हक्क होता, कारण तीन महिन्यांपूर्वी त्यानेच दोषांच्या यादीत एक नोंद टाकली होती. माणूस गोळी घेऊन पश्चिमेकडे उडाला तर काय होईल? आणि तिने खाली उत्तर लिहिलं होतं. ज्यांना या गोळ्या रोज लागतात ते विमानातून हिंडत नाहीत. दुर्मिळ. पुढच्या वर्षी बघू. एवढं लिहून नोंद बंद केली होती. लिहिताना स्वतःच्या विनोदावर ती थोडी हसलीसुद्धा होती, खोटं कशाला बोला.

तिने कपाटातून तपासणीचा फोन काढला. सकाळी सहाची गोळी लावली, सहा वाजून दोन मिनिटांना घेतल्याची खूण केली. सगळं हिरवं. मग सेटिंगमध्ये जाऊन फोनची वेळ दादाच्या गावची केली. क्षणभर काही झालं नाही. मग पडदा लाल झाला.

आजची गोळी राहिली आहे. आता घ्या.

 भिंतीवरचा नियम अगदी इमानदारीने पाळला गेला होता. गोळी घेतली ती वेळ जगाच्या घड्याळाप्रमाणे साठवली गेली आणि दाखवताना फोनच्या घड्याळाप्रमाणे दाखवली गेली. इथले सकाळचे सहा म्हणजे तिथले सोमवारी रात्रीचे दहा. म्हणजे ॲपच्या मते बाबांनी गोळी घेतली ती काल. आजच्या मंगळवारी घेतलेलीच नाही. आज कोणती तारीख आहे, हे ॲप रोज विचारायचं. शेवटच्या गोळीला किती तास झाले, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं, कारण तिने ते विचारायला शिकवलं नव्हतं. जगाला वेळ शिकवत हिंडली, आणि दिव्याखाली अंधार.

आणि बाबांच्या फोनवर नुसता लाल पडदा येणार नव्हता. त्यांना तिचा आवाज ऐकू येणार होता. तिनेच भरलेला, लाडीक, थोडा दटावणीचा. बाबा, आजची गोळी राहिलीय. आता घ्या बरं. दर पाच मिनिटांनी.

तिने बाबांना फोन लावला. बंद. लागणार कसा, माणूस आभाळात. तरी तिने चार वेळा लावला. मग दादाला लावला. तिकडे पहाटेचे साडेसहा, आणि दादा झोपताना फोन गप्प करून ठेवणारा माणूस. रिंग जात होती आणि कोणी उचलत नव्हतं. निरोप टाकला, आवाजात टाकला, लिहून टाकला. मग डॉक्टरांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, दोन गोळ्यांत अंतर किती पडेल? बारा तास, ती म्हणाली.  घेऊ देऊ नका, डॉक्टर म्हणाले. घेतलीच तर ठोके मंदावतील, मळमळेल, चक्कर येईल, आणि त्यांच्या बाबतीत ते किती खाली जाईल हे मला इथून सांगता येणार नाही. मिनिट न घालवता ठोके मोजायच्या यंत्राला जोडा म्हणाले, आणि गोळीचं नाव तीनदा सांगून लिहून घ्यायला लावलं.

विमान कंपनीला फोन केला तर तिथे संगीत वाजत होतं. पंचवीस मिनिटं ती ते संगीत ऐकत बसली. शेवटी एक मुलगी बोलली, गोड बोलली, आणि म्हणाली की असा निरोप विमानात द्यायचा अर्ज असतो, तो भरून पाठवा, वरिष्ठ बघतील. अर्ज भरला. उत्तर आलं की आपला अर्ज मिळाला आहे, दोन दिवसांत संपर्क करू. तिने फोन टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून शिवी गेली.

आता तुम्ही म्हणाल, ॲप हिचंच ना, मग दुरुस्त करून पाठवायचं की लगेच. तसं होत नसतं. नवं ॲप फोनवरच्या ॲपच्या दुकानात चढायला एक दिवस, ते त्या फोनने उतरवून घ्यायला नेट, आणि बाबांचा फोन नऊ तास नेटशिवाय. नेट नसलं तरी चालतं! ज्याचा अभिमान, तेच नडलं. शंकासुराने मात्र एक वाट काढली. राहिलेली गोळी मागायचं कामच सर्व्हरवरून बंद करता येत होतं, पण मग ते सगळ्या पन्नास हजारांचं बंद होणार, आणि खरोखर विसरलेल्या माणसांनाही ॲप आठवण करणार नाही. मॅनेजर केबिनमधून धावत आले. आधी वरच्यांशी बोलू, वकिलांशी बोलू, लोक काय म्हणतील. त्यांचंही बरोबर असेल, पण तिला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं. एखादी चुकली तर सांगायलाही येऊ नका. तिने बटण दाबलं आणि मॅनेजरना म्हणाली, नोकरी घ्यायची तर उद्या घ्या.

ज्या ज्या फोनला नेट होतं तिथे ते बंद झालं. आभाळातल्या फोनला काही कळलं नाही.

शंकासुराने यादी काढली. गेल्या दोन दिवसांत फोनची वेळ मागे गेलेली माणसं किती? बाबा धरले नव्हते, तरी अकरा निघाली. दुर्मिळ म्हणजे एका दिवसाला पाचसहा माणसं. तो आपल्या टेबलावर गेला आणि त्या अकरांना एकेक करून फोन लावू लागला. तीन टेबलांपलीकडून त्याचा आवाज तिला ऐकू येत होता, नमस्कार, घाबरू नका, आज गोळी कितीदा घेतलीत?

चारला दादाचा फोन आला. झोपेतला आवाज दुसऱ्या वाक्याला जागा झाला. ‘‘मी निघतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण मला आत सोडणार नाहीत गं. ते बाहेर येईपर्यंत मी दारातच.’’ तिने सांगितलं, तिथल्या माणसांना सांग, नावाचा पुकारा करायला लाव, भांडण कर, काहीही कर. दादाचा विमानतळ घरापासून तासभर लांब. म्हणजे पाच. मग सहाला विमान. मग रांग, सामान. बाबा तिकडचे बारा वाजेपर्यंत फोनच्या घड्याळाला हात लावणार नाहीत, एवढीच एक आशा उरली होती. बारानंतर ॲप त्या दिवसापुरतं गप्प बसतं. पण वहीत लिहिलेलं बाबा करणार नाहीत, असं आजवर कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाने वहीत दोन बोटं लांब लिहिलं असेल तर दोनच बोटं लांब, पाव बोटही इकडेतिकडे नाही.

आणि मग तिच्या डोक्यात आलं की उतरेपर्यंत तरी ते कशाला थांबतील? विमान खाली यायला लागलं की सांगतातच ना, इथे आता स्थानिक वेळ अमुक अमुक. समोरच्या पडद्यावर लिहून येतं. बाबा तिथेच चष्मा लावतील आणि वही काढतील. हे सुचलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली, ती मग सुटलीच नाही.

साडेपाचला ऑफिस रिकामं व्हायला लागलं. जाता जाता कोणीतरी विचारलं, तारीखबाई, आज ओव्हरटाइम का? तिने मान हलवली. ती बाबांच्या नावाची ओळ पडद्यावर उघडून बसली होती. फोनला नेट मिळालं की केलेल्या खुणा आपोआप सर्व्हरवर यायच्या. ओळीत शेवटची खूण होती सकाळी सहा वाजून दोन मिनिटांची. ती खिडकीतून बघायची, परत ओळीकडे बघायची. इतक्या वर्षांत तिने कुठल्या देवाला हात जोडले नव्हते, पण त्या तासाभरात सगळे देव पाण्यात घातले. फक्त खूण येऊ देऊ नको. दुसरं काही नको.

सहा वाजले. सव्वासहा. दादाचा निरोप आला, दारात उभा आहे, पुकारा करतो म्हणालेत, अजून केला नाही.

सहा वाजून सव्वीस मिनिटांनी ओळ हलली. एक नवी हिरवी खूण आली आणि तिच्या शेजारी ॲपचा नेहमीचा शब्द. शाब्बास! मंगळवार, सकाळी नऊ वाजून एकेचाळीस, घेतली.

नऊ एकेचाळीस. विमान अजून जमिनीला टेकलंही नव्हतं. तिने केलेले सगळे फोन, सगळी भांडणं, ते बटण, आणि आता वायफाय मिळाल्यावर त्या फोनपर्यंत पोचलेली बंदी, सगळं वरातीमागून घोडं. शंकासुर मागे उभा होता. त्यानेही ती खूण पाहिली आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं.

वायफाय होतं म्हणजे नेटवरून फोन लागणार होता. तिने लावला. चार रिंग गेल्या आणि बाबांचा आवाज आला, रांगेतल्या गलक्यातून, खुशीतला.

‘‘पोचलो गं. सगळं वहीप्रमाणे केलं.’’

‘‘बाबा, गोळी घेतलीत?’’

‘‘घेतली की. तूच सांगितलंस ना.’’ मग आवाज जरा खाली आला, शेजारच्याने ऐकू नये असा. ‘‘मला आपलं वाटत होतं, सकाळी तुझ्यासमोर घेतली म्हणून. आठवत होतं मला, दार, पाण्याची बाटली, सगळं. मी दोनदा बंद केलं फोनचं वाजणं. पण तू परत परत सांगायला लागलीस, आजची राहिलीय. म्हटलं, पोरगी कशाला खोटं बोलेल. मीच विसरलो असणार. तुझ्या आईसारखं.’’

रडायला वेळ नव्हता. तिने सांगितलं, बाबा, ऐका, ती गोळी दोनदा झाली. चूक माझी आहे. तिथेच खाली बसा. जवळच्या माणसाला सांगा की हृदयाचं औषध जास्त झालंय, डॉक्टर बोलवा. बाबा म्हणाले, अगं इथे रांग आहे, माझा नंबर जाईल. लोकांना कशाला त्रास? तिने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना दरडावलं. बसा म्हणते ना खाली. पलीकडे खुडबुड झाली, कोणीतरी काहीतरी विचारलं, बाबा अडखळत सांगू लागले, आणि फोन तुटला.

परत लागला नाही.

पुढचे अडीच तास कसे गेले हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. एवढंच आठवतं की शंकासुराने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि तो तसाच राहिला होता. तो तिला एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. नऊच्या सुमाराला दादाचा फोन आला. बाबा आतच कोसळले होते, तिथल्याच लोकांनी हॉस्पिटलात नेलं. ठोके मिनिटाला छत्तीस. छातीवर वायरी लावल्यात, डॉक्टर म्हणतात आजची रात्र गेली पाहिजे, त्याआधी काही सांगत नाही. दादाने हेही विचारलं की तू एकटी आहेस का, आणि तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

त्या रात्रीबद्दल काय सांगायचं? ती घरी गेली, पण झोपली नाही. डोळे मिटले की तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, लाडीक, थोडा दटावणीचा, आता घ्या बरं. बुधवारी सकाळी ऑफिसला पोचली तेव्हा शंकासुराने अकराव्या माणसापर्यंत फोन पुरे केले होते. नऊ जणांनी दुसऱ्यांदा घेतली नव्हती किंवा त्यांची गोळी साधी होती. दोघांनी घेतली होती, पण दोघंही धडधाकट होते. त्यातली एक म्हातारी म्हणाली होती, अहो, मलाही वाटलं मीच विसरले. तारीखबाईने तीन महिन्यांपूर्वी आपण बंद केलेली नोंद उघडली. खाली लिहिलेलं ‘दुर्मिळ’ तिने खोडलं नाही. त्याच्याखाली तारीख, वेळ आणि बाबांचं वय लिहिलं, आणि कामाला बसली. प्रत्येक गोळीबरोबर ती कुठल्या गावच्या घड्याळाने घेतली तेही लिहून ठेवायचं, आणि पुढची मागायच्या आधी तास मोजायचे. दोन ओळींचं काम. दुपारपर्यंत झालंसुद्धा.

चारला दादाने व्हिडिओ लावला. तिकडे सकाळचे आठ. बाबा उशीला टेकून बसले होते, छातीवर वायरी, हाताला सुई, चेहरा धुतलेल्या कापडासारखा. ठोके बावन्नवर आले होते. डॉक्टर म्हणालेत धोका गेला, दादा म्हणाला, आज इथेच राहायचं, उद्या बघू. ती बोलायला लागली. माफ करा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिने कसंबसं सगळं समजावून सांगितलं, इथले सहा, तिथले दहा, आजची गोळी कालची कशी ठरली ते. बाबांना ते कितपत कळलं कोण जाणे. पण त्यांनी ते सगळं ऐकलं, दोनदा माप घेतल्यासारखं, आणि शेवटी त्यातलं त्यांच्या कामाचं तेवढं बाजूला काढलं.

‘‘म्हणजे मी विसरलो नव्हतो?’’

‘‘नाही, बाबा.’’

‘‘दार, बाटली, सगळं खरं होतं?’’

‘‘सगळं खरं होतं. मी स्वतः बघितलंय.’’

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की रात्री ते जिवावरच्या दुखण्यातून उठलेत हे कोणाला सांगून पटलं नसतं. थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी दादाला खुर्चीवरचा शर्ट मागितला. चोरखिशात बोटं घातली आणि गोळ्यांचं खोकं काढलं. त्यामागोमाग निळा खडू निघाला. बंद केला होता, तरी टाकला नव्हता. खोकं मांडीवर ठेवून त्यांनी खडू हातात धरला, आणि फोनमधल्या तिच्याकडे बघून, शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं विचारलं.

‘‘मग आता रेघ मारली तर चालेल का गं?’’

शंकासुर तिच्या मागेच उभा होता. तो वळून खिडकीकडे बघायला लागला.

‘‘मारा, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘रोज मारा. आणि माझा आवाज काढून टाका त्या फोनमधून.’’